ओढ्याची प्रकृती कोण तपासणार?

(गंगाखेड येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सोयाबीनला भाव नाही, पीकविम्याची रक्कम वेळेवर हाती पडत नाही, ऊसतोडीला गेलेल्यांची मुले शाळेबाहेर आहेत. अशा वेळी पक्षाच्या अभ्यासवर्गात ओढ्यातल्या किड्यांवर भाषण कशासाठी, असा प्रश्न काल रात्री पंगतीत एका तरुण साथीने मला विचारला. प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाण्याचा माझा इरादा नाही. मात्र उत्तर आधी न देता आज सकाळी आपण सर्वांनी मिळून जे पाहिले तेथूनच सुरुवात करतो.

दक्षिणेकडील बालाघाटाच्या रांगांतून गोदावरीकडे उतरणारे कितीतरी लहानमोठे ओढे या तालुक्यात आहेत. त्यांतल्या एका ओढ्यात आपण उतरलो. प्रथम गावाच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी काळ्या दगडांवरून खळखळत येते. तेथे दगड उलटे केले, मच्छरदाणीच्या कापडाची जाळी प्रवाहात धरून तिच्या पुढचा तळ पायाने ढवळला आणि जे सापडले ते पांढऱ्या परातीत ओतले. दगडाच्या पोटाशी चिकटून राहणारे, शेपटीला तीन बारीक तंतू असलेले चपटे किडे निघाले. शास्त्रज्ञ ज्या माशीला मेफ्लाय म्हणतात तिची ही पिल्ले. पाण्यात वाढायचे आणि पंख फुटल्यावर एकदोन दिवसांत संपून जायचे, असे तिचे आयुष्य. वाळूचे कण स्वतःच्या रेशमाने चिकटवून अंगाभोवती नळी बांधणारी अळी निघाली. चतुराची बोजड पिल्ले, बारके खेकडे, तळाशी दडणारी मुरी, शंखातल्या गोगलगायी, सगळे मिळून सातआठ प्रकार झाले.

मग आपण गावाच्या खालच्या अंगाला गेलो, जेथे वस्तीचे सांडपाणी ओढ्यास मिळते त्याच्या पुढे. तेथे दगड उचलला तेव्हा त्याखाली काळा चिखल आणि सडक्या अंड्यासारखा वास. परातीत दोनच प्रकारचे जीव आले. एक रक्तासारखी लाल अळी आणि दुसरे चिखलात डोके खुपसून शेपटी हलवीत राहणारे तांबडे धाग्यासारखे किडे. आपल्यातला एक साथी तेव्हा म्हणाला की वरच्यापेक्षा खालीच जीव अधिक आहेत, मग पाणी वाईट कसे? त्याचे निरीक्षण अचूक होते. मुठीएवढ्या चिखलात शेकडो जीव वळवळत होते. परंतु ज्याला श्वास घ्यायला चांगले पाणी लागते असा एकही जीव त्यांत उरलेला नव्हता. या लाल अळीच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखेच प्राणवायू धरून ठेवणारे द्रव्य असते, म्हणून ती लाल दिसते आणि म्हणूनच जेथे इतर गुदमरतात तेथे ती तग धरते. स्पर्धक आणि शत्रू मेल्यावर तिची प्रजा वाढते. संख्या वाढली आणि प्रकार घटले, की समजावे ओढा आजारी आहे. डोकी मोजून भागत नाही. कोण उरले आणि कोण गेले हे पाहावे लागते.

ही तपासणी कोणाही एकाची कल्पना नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ साली कोणते जीव किती घाणीत राहू शकतात याची यादी प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जलचरांच्या कुळांना एक ते दहा गुण देण्याचे कोष्टक तयार झाले. दगडाला चिकटणाऱ्या नाजूक मेफ्लायच्या कुळाला त्यात दहा गुण आहेत, लाल अळीच्या कुळाला दोन आणि चिखलातल्या तांबड्या धाग्यांना एक. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही यमुनेवरील अभ्यासातून भारतीय परिस्थितीसाठी असे जैविक कोष्टक तयार केले आणि स्वच्छ ते अतिदूषित अशा पाच पायऱ्या ठरविल्या. ज्ञान आहे, सरकारदप्तरी मान्यही आहे. तरीसुद्धा नदी प्रदूषित आहे की नाही याचा निर्णय द्यायची वेळ येते तेव्हा कशाचा आधार घेतला जातो? बाटलीचा.

ही बाटली म्हणजे काय ते समजून घेऊ. पाण्यातली घाण कुजताना सूक्ष्म जंतू प्राणवायू खातात. ठराविक दिवसांत ते किती प्राणवायू खातात, तो आकडा म्हणजे अधिकाऱ्यांच्या भाषेत 'बीओडी'. इंग्लंडमध्ये सांडपाण्यावरील रॉयल कमिशनने १९१२ साली जे मानक दिले त्यात ही मुदत पाच दिवसांची होती. ती पाचच दिवसांची का? तर त्या बेटावरील नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचायला पाच दिवसांहून अधिक वेळ लागत नाही, असा हिशेब त्यामागे असल्याचे सांगतात. आपली गोदावरी १४६५ किलोमीटर लांब, जागोजागी बंधाऱ्यांनी अडविलेली, आणि तिची घाण मोजायची पद्धत थेम्सच्या काठाहून आलेली! आपल्या उष्ण हवामानाचा विचार करून ती चाचणी आता २७ अंश तापमानाला तीन दिवसांची केली आहे, हे खरे. या आकड्यावरच नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरतात. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या वर बीओडी गेला की पट्टा प्रदूषित. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशात असे ३५१ पट्टे होते, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या अहवालात देशातले पट्टे ३११ वर आले, महाराष्ट्रातले मात्र ५५ झाले. दोन्ही वेळा आपले राज्य पहिल्या क्रमांकावर होते.

बाटलीविरुद्ध माझी तक्रार नाही. तिच्यावाचून चालणारही नाही. तक्रार एवढीच की बाटली एका क्षणाचे सांगते. पाण्यात शेवाळ माजले असेल तर दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते आणि रात्री तेच प्राणवायू खाते. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. साहेब येतात अकरा वाजता. उन्हाळ्यात तर मुळातच पाणी प्राणवायू कमी धरते. २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तेव्हा पहाटे मेलेला मासा बाजूला सारून अकरा वाजता बाटली भरली तर अहवाल समाधानकारक येऊ शकतो, आणि त्यात कोणी लबाडी केली असे म्हणायलाही जागा राहत नाही. रात्री दोन वाजता सोडलेले घाण पाणी सकाळपर्यंत खाली निघून जाते. दगडाखालची अळी मात्र तेथेच असते. तिला जागा सोडून जाता येत नाही. गेल्या कित्येक आठवड्यांत त्या जागी जे जे घडले ते सारे तिने सोसलेले असते, किंवा सोसू न शकल्यामुळे ती तेथे नसते.

कीटकनाशकाचे उदाहरण याहून बोलके आहे. फवारणीचा पंप ओढ्यात धुणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. पहिल्या पावसात शेतातले औषधही ओढ्यातच येते. त्या पाण्याला वास नसतो, रंग नसतो, ते नितळ दिसते आणि त्याचा बीओडीही वाढलेला नसतो. बीओडीच्या तक्त्यात असा ओढा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. पण जे औषध पिकावरचा कीटक मारण्यासाठी बनवले आहे ते ओढ्यातल्या कीटकाला कसे ओळखणार? स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात दगड उलटला आणि त्याखाली काहीच नाही, असे तुम्हाला आढळले तर त्या रिकाम्या दगडाची नोंद अवश्य करा. काहीही न सापडणे हाही पुरावाच आहे.

आता कायद्याकडे वळतो. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आपल्यापैकी थोड्यांनीच मुळातून वाचला असेल. त्यातली 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या वाचण्याजोगी आहे. नदी तर तीत आहेच, पण वाहणारा किंवा तूर्त कोरडा पडलेला जलमार्गही आहे. मराठवाड्यातला ओढा काही महिने कोरडा असतो म्हणून तो ओढा नव्हे असे म्हणायची सोय कायद्याने ठेवलेली नाही. 'प्रदूषण' या शब्दाच्या व्याख्येत माणसांच्या आरोग्याबरोबर प्राणी, वनस्पती आणि जलचर यांच्या जीवनाला व आरोग्याला होणारी हानीही स्पष्ट शब्दांत घातली आहे. म्हणजे कालच्या साथीला ज्याचे हसू आले तो विषय संसदेने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवला! मात्र त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरायचा तो नमुना मंडळाच्या अधिकृत व्यक्तीने विहित पद्धतीने घेतलेला असला पाहिजे. तुम्ही भरलेली बाटली कोणी विचारात घेणार नाही. १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला न्यायालयात फिर्याद करण्याची वाट उघडली. २०२४ साली केंद्राने या कायद्यातल्या अनेक गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे दंड ठेवणारी दुरुस्ती केली; ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. दंड हा ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या लेखी धंद्याचा एक खर्च असतो, हे कामगार चळवळीतल्या माणसांना मी सांगायला नको.

मोजण्याचा अधिकार नोकरशाहीकडे आणि सोसण्याचा अधिकार जनतेकडे, अशी ही वाटणी आहे. परंतु ओढ्याचे ज्ञान मुळात कोणाचे? १८२० च्या दशकात मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. त्याने येथल्या माशांचेही वर्णन केले आणि १८३९ साली ते प्रसिद्ध होऊ लागले. त्याने माशांना दिलेली शास्त्रीय नावे पाहा. टोर खुद्री, मिस्टस सींगटी, हिप्सेलोबार्बस कोलस. यांतले पहिले शब्द पुढच्या वर्गीकरणात बदलत गेले, पण दुसरे टिकून राहिले, आणि ते काही लंडनमध्ये सुचलेले नव्हेत. शिंगटी हा शब्द भोयाच्या तोंडचा आहे. जाळे टाकणाऱ्या माणसाने सांगितलेले नाव साहेबाने वहीत उतरून घेतले आणि ते लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसले. आज जगातल्या कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथात ते नाव सापडेल. सांगणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही. श्रमिकांच्या ज्ञानाचे असे पुष्कळ झाले आहे. येथे तेवढे शब्द तरी साक्षीला उरले.

लिहून ठेवलेल्या यादीला किती मोल असते त्याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. १९४२ साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या नद्यांतील माशांची नोंद प्रसिद्ध केली. ती होती म्हणून साठ वर्षांनी, २००३ च्या सुमारास, तेथल्या प्राणिशास्त्रज्ञांना त्याच नद्यांतून पूर्वीचे कोणते मासे दिसेनासे झाले आणि कोणते परके मासे आले हे पुराव्यानिशी मांडता आले. पुण्याला महाविद्यालये होती, नियतकालिके होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्याला फावला वेळ होता. आपल्या तालुक्यात तर एका नदीचे नावच मासोळी आहे! तिच्यावर धरण झाले. मासोळी प्रकल्पात किती टक्के साठा आहे याची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि ती यायलाच हवी, कारण प्यायच्या पाण्याचा तो प्रश्न आहे. पण मासोळीत कोणत्या मासोळ्या आहेत याची बातमी कधी वाचल्याचे तुम्हाला आठवते काय?

येथे आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. मराठवाड्याच्या विकासाच्या आंदोलनात आपण सारे होतो. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष मोजून दाखविला, तेव्हा आपल्या बोलण्याला प्रथमच आकड्यांचे बळ आले. धरणे मागितली, कालवे मागितले, साखर कारखाने मागितले. ते मागणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्यांना पाण्याच्या साठ्याची भूक असणारच. परंतु ओढा म्हणजे केवळ पाणी वाहून नेणारी मोरी, ही इंजिनिअरची दृष्टी आपणही निमूटपणे स्वीकारली. जलयुक्त शिवार योजना २०१४ च्या डिसेंबरात आली तेव्हा जेसीबी यंत्रांनी ओढ्यांचे खोलीकरण आणि सरळीकरण केले. वळणे गेली, डोह गेले, उथळ खळखळाट गेला, काठची करंजं आणि उंबरं गेली, आणि राहिला एक सरळ चर. आपल्यापैकी किती जणांनी त्याच्या उद्घाटनाचे नारळ फोडले ते आठवा. मीही एका ठिकाणी टाळ्या वाजविल्या आहेत. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये त्या योजनेवर ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही पाण्याची गरज भागविण्यात आणि भूजल वाढविण्यात फारसा परिणाम दिसत नसल्याचे म्हटले. त्या अहवालात मेलेल्या जलचरांचा हिशेब नव्हता, कारण त्यांची आधीची यादीच कोणी केलेली नव्हती.

डोहाचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. कोकणातल्या बारमाही ओढ्याची गोष्ट वेगळी. आपला ओढा फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतो. मग जे चारदोन डोह राहतात त्यांत सगळा ओढा जीव धरून बसतो. जूनमध्ये पाणी आले की तेथूनच पुन्हा वर-खाली पसरतो. उन्हाळ्यातला डोह हे ओढ्याचे बियाणे आहे. त्या डोहातली वाळू काढली, त्यात पंप टाकून तो उपसला, किंवा गाळपाच्या हंगामात कोणी त्यात मळीचे पाणी सोडले तर पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी येईल, पण पाण्यात राहणारे कोणी येणार नाही. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे काळपट पाणी उरते त्याचा बीओडी लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. घरगुती सांडपाण्याचा असतो दोनअडीचशे. एवढे एकच प्रमाण लक्षात ठेवले तरी पुरे. म्हणूनच हे पाणी कारखान्याच्या आवाराबाहेर जाऊच नये असा दंडक आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात हजारो मासे मेले तेव्हा राज्यभर बातमी झाली. कृष्णा मोठी नदी आहे, सांगली मोठे शहर आहे. बालाघाटच्या पायथ्याच्या डोहात शंभर मासे मेले तर ते गुराख्याखेरीज कोणाला कळणार?

आणि मेलेल्या माशाची किंमत कोण देतो? पूर्वी नदीवर पाणवठे वाटलेले असत. वरचा वरच्या जातींचा, खालचा खालच्यांचा. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी तळ्याच्या पाण्याला हात लावून त्या वाटणीलाच आव्हान दिले. कायद्याने ती वाटणी गेली. पण गावाचा नाला आजही जेथे ओढ्याला मिळतो त्याच्या खाली कोणाची वस्ती आहे ते प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन पाहावे. खालच्या पाण्यात कपडे धुणारी कोण, जनावर पाजणारा कोण, संध्याकाळी कालवणापुरते झिंगे आणि चिंगळ्या गोळा करणारी म्हातारी कोण? भूमिहीनाच्या ताटात पैसे न मोजता येणारे तेवढेच कालवण असे. ते कोणत्याही दारिद्र्यरेषेच्या हिशेबात नव्हते, म्हणून ते नाहीसे झाले तेव्हा कोणाच्याही आकड्यात घट दिसली नाही. काल विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. ही गंगाखेडची भूमी जनाबाईची. पाणी भरणे, दळणे, धुणे हे जिचे आयुष्य होते त्या बाईने पाण्याकडे जसे पाहिले असेल तसे पाहायला आपल्याला शिकायचे आहे. डॉ. लोहियांनी नद्या स्वच्छ करण्याचा आग्रह राजकीय कार्यक्रमात आणला तेव्हाही पुष्कळांना तो त्यांचा लहरीपणा वाटला होता.

एक शंका भोई समाजातले साथी काढतील. जलाशयात मत्स्यबीज सोडले जाते, कटला-रोहू-मृगळ टनाने निघतो, मग जलचरांचे आरोग्य वाईट कसे म्हणता? उत्पादन आणि आरोग्य यांत फरक आहे. बाहेरून बीज आणून सोडायचे आणि पुढच्या वर्षी काढायचे, ही शेती झाली. तीही हवी, मासेमारांच्या सहकारी संस्थांच्या नावामागे ठेकेदार बसलेला नसेल तर अवश्य हवी. परंतु ओढ्यात स्वतःहून अंडी घालून वाढणारा मासा टिकला आहे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट चिलापी आणि परदेशी मांगूर वाढणे हे अनेकदा बिघाडाचेच चिन्ह असते. मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यातही तो पोसतो आणि उरलेसुरले लहान मासे खातो. सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली; तरी तो बाजारात दिसतोच.

काही सावधगिऱ्याही सांगतो, कारण उत्साहाच्या भरात आपण स्वतःच खोटे अहवाल तयार करू नयेत. ब्रिटनचे कोष्टक जसेच्या तसे येथे लावू नका. थंड, वेगवान पाण्यात राहणारे काही जीव त्या कोष्टकात वरचे गुण घेतात. ते आपल्या उथळ, तापणाऱ्या ओढ्यात कधीच नव्हते. त्यांच्या अभावावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढला तर कोणीही कनिष्ठ अभियंता आपल्याला गप्प बसवील. आपली तुलना आपल्याच ओढ्याशी करायची. त्याच दिवशी, त्याच हंगामात, घाण मिळते त्याच्या वर आणि खाली. पुरानंतर लगेच नोंद घेऊ नका, कारण पूर सगळेच धुऊन नेतो. दोनतीन आठवडे जाऊ द्या. दोन्ही ठिकाणी तळ सारखा असावा. वर दगड आणि खाली गाळ अशी जागा निवडली तर फरक घाणीचा की तळाचा ते सांगता येणार नाही. आजच्या सकाळी आपली ही चूक थोडीशी झालीच. खालची जागा बदलावी लागेल. आणखी एक. मेफ्लाय सापडली म्हणून ते पाणी प्यायला योग्य ठरत नाही. टायफॉईडचे जंतू त्या माशीला काही करत नाहीत. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी, ती प्रयोगशाळेतच झाली पाहिजे आणि तिची मागणी सोडायची नाही.

या नोंदीचे पुढे काय करायचे? न्यायालयात ती पुरावा म्हणून चालेलच असे नाही. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी असे सांगितले आहे. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीचा आग्रह धरला तो लोकांनी लोकांचे ज्ञान लिहावे म्हणून. प्रत्यक्षात हरित न्यायाधिकरणाच्या तगाद्यामुळे ठिकठिकाणी या वह्या घाईने पुऱ्या केल्या गेल्या आणि एका गावची वही दुसऱ्या गावी उतरविल्याच्या तक्रारी झाल्या. आपण ग्रामसभेत ती वही मागायची, मोठ्याने वाचायची आणि ओढ्याचे पान दुरुस्त करून घ्यायचे. मग पुढच्या वेळी डोहात मासे तरंगले तर 'येथे पूर्वीपासून काही नव्हतेच' असे उत्तर देता येणार नाही. अर्जाला ग्रामसभेच्या ठरावाची जोड असेल आणि ठरावामागे तीन हंगामांची नोंद असेल, तर अधिकाऱ्याला बाटली घेऊन यावेच लागेल. तेव्हा पहाटे या, असेही आपण त्याला सांगू.

पहिली नोंद दसऱ्यानंतर, ओढा वाहता असताना. दुसरी फेब्रुवारीत, गाळपाच्या ऐन हंगामात. तिसरी मे महिन्यात, उरलेल्या डोहांतून. प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ, दहा मिनिटे, आणि मोजून झाल्यावर जीव परत पाण्यात. शाळेच्या मुलांना बरोबर घ्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. वहीत पहिला रकाना मात्र जीव पकडण्याआधी भरायचा आहे. काठच्या म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः भोई आणि कोळी घरांतल्या आणि धुणे धुणाऱ्या बायांना विचारून या ओढ्यात पूर्वी काय काय मिळे ती नावे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची, आता मिळत नसतील तरीही. शास्त्रीय नावे मागाहून शोधता येतील. दोन जाळ्या आणि परात कार्यालयात ठेवल्या आहेत. वरच्या अंगाच्या गावांनी त्या आधी न्याव्यात आणि पुढच्या रविवारपर्यंत खालच्या गावांकडे पोहोचत्या कराव्यात.